मेहेरबान राष्ट्राध्यक्षांच्या सेवेसी

आमचे घरमालक परदेशी राष्ट्राध्यक्षांना अर्ज लिहायला बसत तेव्हा वर शेरवानी असे आणि खाली लुंगी. शेरवानी काळी, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. लुंगी निळ्या चौकड्यांची. भर मे महिन्यातही शेरवानीचं एक बटण उघडं राहत नसे. कुणी हसलं तर म्हणत, "मेजाच्या खालचं हुजुरांना दिसत नाही. वरचं दिसतं."

वरचं तरी कसं दिसणार, हे विचारायची सोय नव्हती. ते जिल्हा कोर्टाच्या व्हरांड्यात तीस वर्षं बसलेले अर्जनवीस होते. निजामाच्या काळात उर्दूत अर्ज लिहिले, पोलीस ॲक्शननंतर मराठीत. मूळचे गंगापूरकडचे, घरची ऊस-कापसाची शेती भावांनी सांभाळलेली. लोक त्यांना गमतीनं वकीलसाब म्हणत आणि ते लगेच दुरुस्ती करत, "वकील बोलतो. मी लिहितो."

उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या घरात तीन बिऱ्हाडं होती. पैकी एका खोलीत मी राहायला आले तेव्हा एकवीस वर्षांची होते. वैजापूरकडच्या मेंढपाळाची पोर, घराण्यात पहिली मॅट्रिक, पहिली टायपिस्ट. बी-बियाण्यांच्या एका ऑफिसात नोकरी लागली होती आणि आठ दिवस मी आणि माझे वडील, आबा, औरंगाबादेत खोली शोधत होतो. आडनाव सांगितलं की खोली नुकतीच गेलेली असायची. ह्या गृहस्थांनी आडनाव विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "इंग्रजी टाइप येतं?"

भाड्याची बोलणी दोन मिनिटांत उरकली. मग ते म्हणाले, "एक अट आहे. दर रविवारी एक पत्र लिहावं लागेल."

"कुणाला?" आबांनी विचारलं.

"ज्या देशाचा नंबर असेल त्या देशाच्या प्रमुखाला."

आबा माझ्याकडं बघायला लागले. तेवढ्यात काकू, म्हणजे मालकीणबाई, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "घाबरू नका भाऊ. दुसरं कुठलं व्यसन नाय त्यान्ला." काकूंच्या त्या एका वाक्यावर आबांनी मला त्या घरात एकटीला ठेवलं. फाटकाबाहेर पडल्यावर हळूच म्हणाले, "माणूस जरा हलल्यालं हाय, पण चांगलं हाय."

परदेशातल्या कुठल्याशा संस्थेचं एक पातळ पाकीट महिन्यातून एकदा यायचं. त्यात जगभरच्या कैद्यांची नावं असत. चोर-दरोडेखोर नव्हेत. कुणी वर्तमानपत्रात लिहिलं म्हणून आत, कुणी संप केला म्हणून, कुणी वेगळ्या देवाची प्रार्थना केली म्हणून. त्यांच्यासाठी त्या त्या सरकारला पत्रं लिहा, एवढीच विनंती असे. ते पाकीट यांच्या हाती पहिल्यांदा कसं लागलं हे मला कधी कळलं नाही. लागलं मात्र अगदी योग्य माणसाच्या हाती.

रविवारी सकाळी अंगणात लिंबाखाली मेज मांडलं जाई. भाडेकरू हजर. एक एसटीचे कंडक्टर होते, ते ड्यूटीवर निघायच्या आधी खाकी कपड्यांतच येऊन सही ठोकून जात. घरमालक काका मजकूर सांगत आणि मी मशीनवर बसून त्याचं इंग्रजी करत असे. मजकूर असा: "मेहेरबान राष्ट्राध्यक्ष हुजूर यांच्या सेवेसी, अर्जदार राहणार उस्मानपुरा विनंती अर्ज करतो ऐसाजे..." मग हुजुरांच्या न्यायबुद्धीची कीर्ती, हुजुरांच्या सावलीत सुखानं नांदणारी रयत, आणि मग हळूच मुद्दा, की सदर इसमास कोणत्या कलमाखाली अटकेत ठेवले आहे ते कळावे, त्यास डॉक्टर व वकील मिळावा आणि तात्काळ सोडावे. मी सावली, कीर्ती सगळं गाळून मुद्दा तेवढा टाइप करायची. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या.

"मी सोळा ओळी बोललो. तुझ्या नऊच कशा?"

"इंग्रजीत कमी जागा लागते, काका."

"मग उरलेल्या जागेत सावली बसव."

कैद्याच्या बापाचं नाव त्यांना हवंच असे. पाकिटात ते नसायचं. "बापाचं नाव नाही, मग ओळखायचा कसा? त्या देशात ह्या नावाचे दहा जण असतील. हुजूर भलत्यालाच सोडतील." मग ते "वल्द नामालूम" असं घालायला लावत. मी कपाळाला हात लावून इंग्रजीत टाइप करायची, अमक्याचा मुलगा, बापाचं नाव माहीत नाही.

एकदा कंडक्टर वैतागून म्हणाले, "काका, आपल्या नळाला चार दिस झाले पाणी नाय. अन् तुमी कुठं समुद्रापल्याडच्या राजाला लिहायलात?"

"नळाचा अर्ज काल सकाळीच दिला," काका म्हणाले, "हा बघ आवक नंबर. आता ह्याच्यावर सही कर."

आवक नंबर हे त्यांचं दैवत होतं. कागद कचेरीत गेला, शिक्का बसला, रजिस्टरात ओळ पडली, की काम झालं असं ते मानत. "राजा कागद वाचत नसतो," ते आम्हाला बजावत. "वाचतो कारकून. नाव राजाचं घालायचं, पण लिहायचं कारकुनासाठी. अन् कारकून जगात सगळीकडं सारखाच." ह्याच तर्कानं ते प्रत्येक पत्राच्या डाव्या कोपऱ्यात कोर्ट फी स्टॅम्प चिकटवत. पोस्टाचं तिकीट पाकिटावर लागे ते वेगळं. हा आपल्या कोर्टातल्या अर्जाला लागतो तो, सिंहांचं चित्र असलेला. कणकेची खळ करून, दाबून, वर आपली तिरपी सही मारून. बिनतिकिटाचा अर्ज कुठलाच कारकून दाखल करून घेत नाही, असं त्यांचं म्हणणं. परदेशाला आपला कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, हे मी त्यांना पहिल्याच महिन्यात सांगितलं. ते म्हणाले, "चालत नसेल तर ते काढून टाकतील. नसला तर मात्र मागायला इथवर येणार नाहीत."

मला ह्या प्रकाराची भयंकर लाज वाटे. पत्रं पोस्टात टाकायचं काम माझ्याकडं होतं. नवं नवं इंग्रजी आलेलं, नवी नोकरी, आणि आपल्या हातून जगातल्या बड्या लोकांकडं असलं हास्यास्पद पत्र जाणार. मी काय करायची, पोस्टाच्या कोपऱ्यावर उभी राहून खळ ओली असतानाच ते तिकीट अलगद सोलून काढायची. पाकीट बंद करून टाकून द्यायची आणि तिकीट माझ्या डिक्शनरीत ठेवायची. असे अकरा अर्ज मी बिनतिकिटाचे पाठवले. त्यात एका शाळामास्तराचा होता. देशाचं नाव लिहीत नाही, तिथं आता दुसरं सरकार आहे. त्याच्या वर्गातली दोन पोरं शिपायांनी नेली होती आणि ती कुठं आहेत, असं त्यानं भर चौकात विचारलं होतं. एवढ्यावर तो आत गेला, आणि असा कुणी आमच्याकडं नाहीच, असं तिथलं सरकार म्हणत होतं.

काका हे सगळं का करतात, ते मला काकूंनी भाजी निवडता निवडता सांगितलं. निजामी राजवटीच्या अखेरीला एका शेतकऱ्याचा अर्ज लिहिला म्हणून त्यांना उचललं होतं. पुढं राज्य बदललं, तर नव्या राज्यात पहिल्याच महिन्यात पुन्हा उचललं, कारण हे शेरवानी घालतात आणि उर्दूत लिहितात. काका स्वतः ह्यावर एकच वाक्य बोलत, "दोन्ही सरकारांत जाऊन आलो. कोठडी तीच, खिडकी तीच. दरवाज्यावरचा शिक्का तेवढा बदलला होता." दुसऱ्या खेपेला मार फार पडला. आणि मग एके सकाळी जमादार येऊन म्हणाला, "तुम्हारे नाम का कागज आया है." त्या दिवसापासून अंगावर हात पडला नाही. कागद लिहिला होता त्यांच्या शेजारी बसणाऱ्या बुजुर्ग मुसलमान अर्जनविसानं. पोलीस ॲक्शननंतरचा तो काळ मुसलमानांसाठी असा, की त्या म्हाताऱ्यानं स्वतःच घराबाहेर पडायला नको होतं. तो कोर्टात गेला, तिकीट लावलं आणि अर्ज दिला. घाईत काकांच्या बापाचं नावसुद्धा चुकलेलं होतं.

"पण कागद पोचला," काकू म्हणाल्या. "तवापसून हे असे झाले."

मी ऐकलं, हळहळले, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तिकीट सोललं. असलं शिकलेलं डोकं होतं माझं.

त्या हिवाळ्यात एका बुधवारी सकाळी माझा मामा वैजापूरहून पहिल्या एसटीनं आला. अंगणात उभ्या उभ्या रडायलाच लागला. आबांना पोलिसांनी नेलं होतं. कुणाच्या तरी विहिरीवरची मोटर चोरीला गेली होती आणि आमचा मेंढरांचा तळ शेजारच्या रानात होता. तीन दिवस झाले होते. मामा ठाण्यात गेला की, इथं असा कुणी नाय, म्हणून हाकलून देत होते.

काकांनी शेरवानी मागवली. बुधवार असूनही. मेजावर बसले आणि मामाला विचारायला लागले. नाव काय, बापाचं नाव काय, कुठनं नेलं, किती वाजता, कुणी पाहिलं, अंगावर काय होतं. मामा म्हणाला, "अवो मालक, त्याला मारत्याल तिथं, अन् तुमी कपडे काय इचारता?"

"म्हणूनच विचारतो. बोल लवकर."

अर्ध्या तासात अर्ज तयार झाला. मराठीत, त्यांच्या सरळ सुरेख अक्षरात. डाव्या कोपऱ्यात कोर्ट फी स्टॅम्प. खाली प्रती कुणाकुणाला त्याची यादी: कलेक्टर, जिल्हा न्यायाधीश, पोलीस अधीक्षक. आम्ही तिघं एसटीनं निघालो. वाटेत काका खिडकीतून येणारी धूळ अर्जावर बसू नये म्हणून तो छातीशी धरून बसले होते.

ठाण्याचं नाव सांगत नाही. टेबलामागचा ठाणे अंमलदार म्हणाला, "कोण धनगर? इथं असा कुणी नाय."

त्याच वेळी मला कोपऱ्यातल्या खुंटीवर आबांची घोंगडी दिसली. तिच्या काठाला माझ्या आईनं लाल दोऱ्यानं केलेली दुरुस्ती मी हजारांत ओळखली असती. मी ओरडणार, तोच काकांनी माझं मनगट धरलं.

"नसेल, साहेब," ते अगदी अदबीनं म्हणाले. "तर तसं लिहून द्या. अर्ज घ्या, आवक नंबर टाका, अन् खाली शेरा मारा की असा इसम ह्या ठाण्यात नाही. सही करा, तारीख टाका. आम्ही जातो."

अंमलदारानं अर्ज हातात घेतला. तिकीट बघितलं. मजकुरावरून बोट फिरवत खाली प्रतींच्या यादीपाशी आला आणि अडखळला. शेवटची ओळ मीही तेव्हाच पाहिली. तिथं त्या शाळामास्तराच्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाचं नाव होतं, पत्त्यासकट.

"ह्ये कोण?"

"आहे एक साहेब. त्यांच्याकडंही एक मास्तर आहे, रजिस्टरात न घेतलेला. तुमचं त्यांना कळवतो, त्यांचं तुम्हाला कळवत जाईन."

मला वाटलं, आता आम्हीही आत. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो त्या तिकिटाकडं बघत होता. "असा इसम नाही" हे तोंडानं म्हणायला त्याला काही वाटलं नव्हतं, पण तेच लिहून खाली सही करायची म्हटल्यावर त्याचं पेन उचलेना. तो आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. शेवटी शिक्का काढला आणि अर्जावर आवक नंबर टाकला. काकांनी दुय्यम प्रतीवरही नंबर घेतला आणि बाकावर मांडी घालून बसले. दुपारी चारच्या सुमाराला आबांना बाहेर आणलं. तळपाय सुजले होते, भिंत धरून चालत होते. मी त्यांना धरलं आणि जन्मात कधी रडले नसेन इतकी रडले.

आबांना आम्ही उस्मानपुऱ्यात घेऊन आलो. काकूंनी हळद-तेलानं शेकलं, पेज पाजली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा लिंबाखाली बसले असताना म्हणाले, "सकाळपसून मला कुणी पाणी बी दिलं नव्हतं. मंग येक शिपाई आला अन् म्हनला, ऊठ रं, तुझ्या नावाचा कागद आलाय. लगीच पाणी दिलं. त्यानंतर कुणी हात लावला नाय."

हे ऐकलं आणि मला तिथं बसवेना. मी खोलीत गेले, डिक्शनरी आणली आणि ती अकरा तिकिटं काकांच्या मेजावर ठेवली. सगळं सांगितलं. लाज कशाची वाटत होती तेही सांगितलं. काकू "अगं बया!" म्हणून तोंडाला हात लावून उभ्या राहिल्या.

काका चिडतील असं वाटलं होतं. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एकेक तिकीट बोटानं सरळ केलं आणि विचारलं, "कुणाकुणाची आहेत, आठवतं?"

"सगळी आठवतात."

"मग झालं तर. अर्ज फेटाळला गेला की दुसऱ्यांदा करतात. बस मशीनवर." आणि आत जाऊन शेरवानी घालून आले.

मी टाइप करत होते आणि आबा बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पोरी, ह्या लोकान्नी काय केलंय?" मी मास्तराचं सांगितलं.

"पोरं कुठं हायेत म्हनून इचारलं, इतकंच?"

"इतकंच, आबा."

"त्यो हाय कुठं?"

काकांनी जुना नकाशा उलगडून त्यांना जागा दाखवली. आबांनी वैजापूर कुठंय ते विचारलं, दोन्हींवर बोटं ठेवली. "लई लांब हाय," ते म्हणाले. "माझा बी अंगठा घ्या."

काकांनी साफ नाही म्हटलं. अर्ज वाचून दाखवल्याशिवाय, समजून सांगितल्याशिवाय ते कुणाचा अंगठा घेत नसत. तीस वर्षांत घेतला नव्हता, आजही घेणार नव्हते. मग पुढचे दोन दिवस मी ऑफिसातून आले की अकराच्या अकरा अर्ज आबांना मराठीत वाचून दाखवायची. आबा मध्येच थांबवून विचारत, ह्याला बायकापोरं हायेत का, त्याची जनावरं कोण बघतंय. माहीत नसलं की काका पाकीट पुन्हा चाळत. सगळं पटल्यावर आबांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला. मी त्याखाली त्यांचं नाव लिहिलं, निशाणी डावा अंगठा, आणि "दस्तूर" म्हणून माझी सही केली, म्हणजे नाव लिहिणारा हात माझा. इंग्रजीतही तसंच टाइप केलं. ह्या खेपेला सोळाच्या सोळा ओळी घातल्या, सावलीसकट. तिकिटं लावली आणि तशीच पोस्टात टाकली.

आठ महिन्यांनी मास्तराच्या देशातून एक छापील कार्ड आलं. त्यावर फक्त इतकंच, की आपला अर्ज पोहोचला, तो अमुक क्रमांकाला नोंदला आहे. खाली तुरुंग कचेरीचा शिक्का. काकांनी ते कार्ड घेऊन गल्लीत चार घरं हिंडून दाखवलं. "नंबर पडला!" म्हणत होते. कंडक्टर म्हणाले, "अवो काका, माणूस कुठं सुटलाय?" काका म्हणाले, "रजिस्टरात आलेला माणूस हरवता येत नाही. आता सुटेल." इतक्या खात्रीनं म्हणाले, की कंडक्टरांनी गपचूप त्या रविवारच्या पत्रावर सही केली.

त्यानंतर दोन वर्षं गेली. आबा औरंगाबादला आले की हमखास विचारत, "मास्तराचं काय झालं?" आणि एका रविवारी, आबा अंगणात असतानाच, पोस्टमननं आदल्या दिवशी आणलेलं एक जाड पाकीट काकांनी त्यांच्या हातात दिलं. वर आबांचं नाव होतं. त्यांच्या आयुष्यात त्यांच्या नावानं आलेलं ते पहिलं टपाल. मी फोडलं आणि वाचून दाखवलं. मास्तर सुटला होता. पत्रं जगभरातून पुष्कळ गेली होती, असं त्यानं लिहिलं होतं, पण राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीतून खाली तुरुंगात आलेल्या आमच्या पत्रावर सिंहांचं सरकारी तिकीट आणि माणसाचा अंगठा बघून तुरुंगातला कारकून गोंधळला. असा कागद परत कसा करायचा, ह्याचा नियम त्याला सापडेना. म्हणून त्यानं मास्तराच्या नावाची फाइल उघडली. तोवर मास्तर त्या तुरुंगात आहे, अशी नोंदच कुठं नव्हती.

"मग?" काका म्हणाले. "तिकिटाचं कामच ते आहे." आणि त्यांनी चष्मा पुसला, जरा जास्तच वेळ पुसला.

पत्राच्या शेवटी सही नव्हती. इतका शिकलेला मास्तर, चांगली दोन पानं हातानं लिहिलेली, आणि खाली निळ्या शाईत अंगठा उठवलेला. आबांनी पत्र हातात घेतलं, आपला अंगठा त्या अंगठ्यावर ठेवून बघितला. "माझ्याएवढाच हाय," म्हणाले. काकू पदर डोळ्याला लावून आत गेल्या.

काकांनी पत्र मागून घेतलं. भिंग लावून अंगठा नीट तपासला. "डाव्या हाताचा आहे. बरोबर आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण दस्तूर नाही. असा कागद चालत नाही." आणि दौतीत टाक बुडवून त्या परक्या देशातून आलेल्या अंगठ्याखाली त्यांनी मास्तराचं नाव लिहिलं, आणि "दस्तूर" लिहून आपली तिरपी सही केली. पाकिटात खाली आणखी एक चिठ्ठी होती. मास्तरानं त्यात आपल्या बापाचं नाव कळवलं होतं, पुढं अडचण येऊ नये म्हणून.

त्या अकरांतल्या बाकीच्या दहा जणांचं आम्हाला तोवर काहीच कळलं नव्हतं. काका उठले, आत गेले आणि शेरवानीची बटणं लावत बाहेर आले. "चल, बस मशीनवर," मला म्हणाले. "दहा राहिलेत." मी कागद चढवला. पहिला अर्ज वाचून दाखवायला सुरुवात केली, तेव्हा आबांनी शाईचं पॅड आधीच मांडीवर ओढून घेतलं होतं.